‘गेट’ शिकायचं तर पुढचा शब्द बघा

मराठी शिकणाऱ्या एखाद्या परक्या माणसाला ‘लागणे’ समजावून सांगायचा प्रयत्न करून बघा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, वेळ लागतो, आणि समोर बसलेले गृहस्थ आपले मामा लागतात. बिचारा वहीत सगळे अर्थ उतरवून घेईल आणि पुढचं वाक्य ऐकलं की पुन्हा अडेल. इंग्रजी शिकताना ‘गेट’पाशी आपली हीच गत होते. शाळेत ‘गेट म्हणजे मिळणे’ एवढंच सांगितलेलं असतं. मग ‘इट इज गेटिंग डार्क’ ऐकलं की अंधाराला नेमकं काय मिळालं, याचा उलगडा होत नाही.

अर्थांची यादी पाठ करून हे सुटत नाही. कुठल्याही मोठ्या कोशात ‘गेट’खाली पानंच्या पानं सापडतील आणि ती वाचून कुणी बोलायला शिकत नाही. दोन गोष्टी मात्र खरोखर कामाला येतात. एक, ‘गेट’च्या पुढे कुठल्या जातीचा शब्द आलाय ते बघणं. दुसरी, आपल्या मराठीत त्या जागी काय बोललं जातं ते आठवणं. मराठीत याची जवळजवळ सगळी रूपं तयार आहेत, फक्त ती वेगवेगळ्या क्रियापदांत विखुरलेली आहेत.

पायरी १ : रूपं आणि उच्चार

वर्तमानात गेट, भूतकाळात गॉट, तिसरं रूपही गॉट, चालू कामासाठी गेटिंग. अमेरिकेत आणि कॅनडात तिसरं रूप ‘गॉटन’ असतं. ते ऐकून बोलणाऱ्याचं व्याकरण कच्चं आहे असं समजू नका. ‘गॉटन’ जुनंच रूप आहे. ब्रिटनमध्ये ते मागे पडलं, अटलांटिकपलीकडे टिकलं. अमेरिकन माणूस दोन्ही रूपं वापरतो आणि त्यांत फरकही करतो. ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, तर ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी गाडी मिळवली, घेतली. भारतात ‘गॉट’ धरून चाला.

उच्चाराची एक अडचण आपल्या लिपीतच आहे. देवनागरीत ‘गेट’ लिहिलं की आपण ते सोसायटीच्या गेटसारखं वाचतो, कारण आपला ‘ए’ लांब असतो. या क्रियापदातला ‘ए’ आखूड आहे. तो उच्चारून लगेच सोडून द्यायचा, ‘टेन’ किंवा ‘बेल’मध्ये सोडतो तसा. फाटकाचा ‘गेट’ इंग्रजांच्या तोंडी ‘गेइट’कडे झुकतो, त्यामुळे त्यांना हे दोन शब्द कधीच सारखे ऐकू येत नाहीत. अमेरिकन बोलण्यात पुढे स्वर आला की ‘ट’ मऊ पडतो. ‘गेट इट’चं ‘गेडिट’ होतं आणि ‘गॉट इट’चं ‘गाडिट’. हे ओळखता आलं म्हणजे झालं, स्वतः तसं बोलायची गरज नाही.

पायरी २ : पुढच्या शब्दाची जात ओळखा

हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या.

गेट + वस्तू : मिळणे, आणणे, कधी कळणे
गेट + विशेषण : होणे
गेट + क्रियापदाचं तिसरं रूप : होणे, -ला जाणे, सापडणे
गेट + वस्तू + तिसरं रूप : करून घेणे
गेट + माणूस + टू + क्रियापद : करायला लावणे, तयार करणे
गेट + टू + क्रियापद : करायला मिळणे
गेट + टू + जागा : पोहोचणे
गेट + अप, ऑफ, ओव्हर यांसारखा लहान शब्द : अर्थ त्या जोडीचा

उरलेल्या सगळ्या पायऱ्या या तक्त्याच्याच आहेत. सगळ्या ओळींना सारखा वेळ देऊ नका. पहिल्या चार नीट बसल्या की रोजच्या बोलण्यातलं बरंचसं ‘गेट’ हाताशी येतं.

पायरी ३ : ‘मला’ची जागा बदला

मराठीत नोकरी मिळाली, पत्र मिळालं, पैसे मिळाले. क्रियापद मिळालेल्या वस्तूच्या मागे धावतं आणि माणूस ‘ला’ लावून बाजूला उभा राहतो. इंग्रजीत माणूसच पुढे येतो आणि कर्ता होतो. ‘आय गॉट अ जॉब’, ‘आय गॉट अ लेटर’, ‘आय गॉट द मनी’. लिंग नाही, वचन नाही, ‘गॉट’ जागचं हलत नाही.

आता गंमत बघा. मला ताप आला, मला सर्दी झाली, मला बस मिळाली, मला कल्पना सुचली, मला विनोद कळला, मला धक्का बसला. आला, झाली, मिळाली, सुचली, कळला, बसला, अशी सहा क्रियापदं आपण वापरली. इंग्रजीत सगळीकडे एकच : ‘आय गॉट अ फीव्हर’, ‘आय गॉट अ कोल्ड’, ‘आय गॉट द बस’, ‘आय गॉट ॲन आयडिया’, ‘आय गॉट द जोक’, ‘आय गॉट अ शॉक’. म्हणजे ‘गेट’ला अर्थ खूप आहेत असं म्हणण्यापेक्षा, मराठीत ‘मला’ आणि काहीतरी ‘येऊन पोहोचणं’ असा प्रसंग असला की इंग्रजी माणूस ‘गेट’ उचलतो, असं लक्षात ठेवलेलं सोपं पडतं.

मात्र प्रत्येक ‘मला’ला हे लागू नाही. ‘मला आंबा आवडतो’ यात काही येऊन पोहोचत नाही, ती कायमची आवड आहे. तिथे ‘आय लाइक’. ‘मला दोन बहिणी आहेत’ इथेही साधं ‘आय हॅव’.

आजारांच्या बाबतीत आपल्याकडचं एक वाक्य फार ऐकू येतं : ‘आय ॲम हॅविंग फीव्हर’. डॉक्टरला ते समजतं, पण इंग्रजीत ते ओबडधोबड लागतं. ताप आहे तर ‘आय हॅव अ फीव्हर’, ताप आला तर ‘आय गॉट अ फीव्हर’. ‘अ’ गाळू नका. मलेरियाला मात्र तो लागत नाही : ‘आय गॉट मलेरिया’.

फोनवरचं ‘आय ॲम नॉट गेटिंग यू’ हेही आपलं खास देशी वाक्य. आवाज येत नसेल तर ‘आय कान्ट हिअर यू’ म्हणा, म्हणणं कळलं नसेल तर ‘आय डोन्ट गेट इट’. समजण्याच्या अर्थी ‘गेट’ सहसा ‘गेटिंग’ होत नाही. याच अर्थाचं एक उपयोगी वाक्य पाठच करा : ‘डोन्ट गेट मी राँग’, म्हणजे गैरसमज करून घेऊ नका. कुणाच्या मताला विरोध करण्याआधी हे म्हटलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

वस्तूआधी माणूस आला तर अर्थ ‘जाऊन आणणे’ असा होतो. ‘गेट मी अ ग्लास ऑफ वॉटर’ म्हणजे उठ, जा आणि पाणी घेऊन ये. ‘ब्रिंग’मध्ये फक्त आणणं असतं, ‘गेट’मध्ये जाणंही आलं. नुसतं असं म्हटलं की हुकूम वाटतो, म्हणून पुढे ‘कुड यू’ लावा. पाहुण्यांना विचारताना ‘कॅन आय गेट यू सम टी?’ हे घरगुती आणि अगत्याचं आहे. कॉफीच्या दुकानात ‘कॅन आय गेट अ कॉफी?’ हा अमेरिकन प्रकार, आता ब्रिटनमध्येही तरुण पोरं असंच मागतात आणि तिथल्या जुन्या मंडळींना ते खटकतं. ‘कॅन आय हॅव’ म्हटलं तर कुणालाच खटकत नाही.

इथे थोडा इतिहास, कारण तो आठवणीला मदत करतो. ‘गेट’ इंग्रजांच्या घरचा शब्द नव्हे. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात व्हायकिंग, म्हणजे स्कँडिनेव्हियातले दर्यावर्दी लोक, येऊन वसले. त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेत ‘गेटा’ म्हणजे मिळवणे, गाठणे. ‘एग’, ‘विंडो’, ‘हजबंड’, इतकंच काय ‘ते सगळे’ या अर्थाचा ‘दे’सुद्धा त्यांच्याकडूनच आला. ‘फर्गेट’ मात्र इंग्रजीत आधीपासून होता. तो याच कुळातला, मूळ अर्थ धरलेलं हातचं सुटणं. आपलं ‘गाठणे’ इथे फार चपखल बसतं. बस गाठली, मुक्काम गाठला, संधी साधून माणसाला गाठलं, या तिन्ही ठिकाणी इंग्रजी माणूस ‘गेट’ वापरू शकतो.

पायरी ४ : ‘होणे’चं गेट

पुढे विशेषण आलं की ‘गेट’ म्हणजे बदल. आधी तसं नव्हतं, आता झालं किंवा होतंय. अंधार पडतोय : ‘इट इज गेटिंग डार्क’. मी दमलो : ‘आय गॉट टायर्ड’. आईची तब्येत सुधारतेय : ‘मदर इज गेटिंग बेटर’. चहा गार होतोय : ‘युअर टी इज गेटिंग कोल्ड’.

‘इज’ आणि ‘गेट’ यांतला फरक रागावर तपासून बघा. ‘मला राग आला’ हा घडलेला बदल, म्हणून ‘आय गॉट अँग्री’. ‘मी रागावलेलो आहे’ ही आत्ताची अवस्था, म्हणून ‘आय ॲम अँग्री’. ‘मला लगेच राग येतो’ हा स्वभाव, म्हणून ‘आय गेट अँग्री क्विकली’. भुकेचंही तसंच. पोटात कावळे ओरडत असतील तर ‘आय ॲम हंग्री’, नुकती जाणवायला लागली असेल तर ‘आय ॲम गेटिंग हंग्री’.

या पायरीवर तीन खड्डे आहेत.

पहिला, ‘आय गॉट लेट’. मराठीत ‘उशीर झाला’ आणि ‘मला उशीर झाला’ दोन्ही चालतं, म्हणून आपण दोन्हीकडे ‘गॉट’ घालतो. इंग्रजीत वेळेला उशीर होतो, ‘इट इज गेटिंग लेट’ बरोबर. माणसाला उशीर झाला की ‘आय ॲम लेट’ किंवा ‘आय वॉज लेट’. ट्रॅफिकवर खापर फोडायचं असेल तर ‘आय गॉट डिलेड’.

दुसरा खड्डा पेशाचा. तो डॉक्टर झाला, याचं ‘ही गॉट अ डॉक्टर’ केलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल की त्याने कुठूनतरी डॉक्टर पकडून आणला. पुढे नाम आलं की ‘गेट’ मिळण्या-आणण्याकडे जातो. माणूस काहीतरी ‘बनतो’ तेव्हा ‘बिकम’ वापरा : ‘ही बिकेम अ डॉक्टर’.

तिसरा बारीक आहे. दूध नासलं, माणूस वेडा झाला, दृष्टी गेली, अशा परत न फिरणाऱ्या बिघाडांसाठी इंग्रजीत ‘गो’ येतो. ‘द मिल्क वेंट बॅड’, ‘ही वेंट ब्लाइंड’. पान पिवळं पडलं, चेहरा लाल झाला, अशा रंगांसाठी ‘टर्न’ किंवा ‘गो’. हे पहिल्या महिन्यात सांभाळायलाच हवं असं नाही. रंग आणि बिघाड दिसला की ‘गेट’ जरा बाजूला ठेवायचा, एवढं ध्यानात असलं तरी पुरे.

विशेषणाच्या जागी क्रियापदाचं तिसरं रूप आलं तरी चाल तीच. लग्न झालं : ‘दे गॉट मॅरिड’. रस्ता चुकलो : ‘वी गॉट लॉस्ट’. फोन चोरीला गेला : ‘माय फोन गॉट स्टोलन’. कॉपी करताना पकडला गेला : ‘ही गॉट कॉट’. पगार झाला : ‘वी गॉट पेड’. आपल्यावर काहीतरी गुदरलं, किंवा काही चांगलं पदरात पडलं, अशा घटनांसाठी हा प्रयोग आहे. घटना नसेल तर तो चालत नाही. गोव्यात कोकणी बोलली जाते, यासाठी ‘कोंकणी इज स्पोकन इन गोवा’ म्हणायचं, तिथे ‘गेट्स स्पोकन’ नाही. लग्नाच्या वाक्यात अजून एक गोष्ट सांभाळा. ती कुणाशी लग्न करते हे सांगताना आपल्या ‘शी’मुळे ‘विथ’ तोंडात येतं. इंग्रजीत तिथे ‘टू’ लागतो : ‘शी गॉट मॅरिड टू अ टीचर’.

पायरी ५ : ‘करून घेणे’

मराठी माणसाला सर्वांत सोपी असायला हवी आणि सर्वांत जास्त चुकते ती ही पायरी. आपण ‘केस कापून घेतले’ म्हणतो तेव्हा ‘घेतले’ या शब्दात न्हावी लपलेला असतो. पण रोजच्या बोलण्यात आपण आळस करतो आणि ‘मी केस कापले’ म्हणतो. ऐकणाऱ्याला सलून समजतंच. तेच वाक्य उचलून ‘आय कट माय हेअर’ केलं की इंग्रजी माणूस समजतो की तुम्ही स्वतः आरशासमोर कात्री चालवलीत.

बरोबर वाक्य : ‘आय गॉट माय हेअर कट’. क्रम बघा. आधी गॉट, मग वस्तू, शेवटी तिसरं रूप. ‘आय गॉट कट माय हेअर’ असं उलटं करू नका. हा क्रम तोंडात बसवण्यासाठी स्वतःची रोजची कामं घ्या. गाडी दुरुस्त करून घेतली : ‘आय गॉट माय बाइक रिपेअर्ड’. ब्लाउज शिवून घ्यायचाय : ‘आय वाँट टू गेट अ ब्लाउज स्टिच्ड’. प्रमाणपत्राची प्रत साक्षांकित करून घे : ‘गेट द कॉपी अटेस्टेड’. फॉर्मवर सरांची सही घ्यायचीय : ‘आय हॅव टू गेट धिस फॉर्म साइन्ड’. सरकारी कचेरीत एक दिवस काढलात तर या साच्याची इतकी वाक्यं मिळतील की वही भरेल.

‘गेट’च्या जागी ‘हॅव’ही चालतो. ‘आय हॅड माय हेअर कट’ किंचित नेमस्त, ‘आय गॉट’ जास्त बोलण्यातलं. ऑपरेशनच्या बाबतीत ‘हॅव’च सरळ पडतो. ‘मी गुडघ्याचं ऑपरेशन केलं’ असं आपण पेशंट असूनही म्हणतो. इंग्रजीत हे वाक्य फक्त सर्जनला शोभतं. पेशंटने म्हणावं, ‘आय हॅड अ नी ऑपरेशन’.

काम न सांगता माणूस सांगितला तर मध्ये ‘टू’ येतो. ‘आय गॉट हिम टू साइन’, म्हणजे त्याला सही करायला लावली. इथे तीन क्रियापदांचा स्वभाव वेगळा आहे. ‘आय मेड हिम साइन’ यात जबरदस्ती आहे. ‘आय हॅड हिम साइन’ यात ते त्याचं कामच होतं, सांगितलं आणि त्याने केलं. ‘आय गॉट हिम टू साइन’ यात गोडीगुलाबी, मिनतवारी, कदाचित दोनदा चहा पाजणंही आलं. पहिल्या दोहोंत ‘टू’ नसतो, ‘गॉट’मध्ये असतो. मुलाला भाजी खायला लावणाऱ्या आईसाठी तिन्ही वाक्यं तयार ठेवता येतील, दिवस कसा गेला त्यावर.

पायरी ६ : ‘करायला मिळणे’

इथे मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात, म्हणून फार थांबायची गरज नाही. सभेत मला बोलायला मिळालं नाही : ‘आय डिडंट गेट टू स्पीक’. यंदा समुद्र बघायला मिळाला : ‘वी गॉट टू सी द सी’. संधी मिळाली आणि ती हवीहवीशी होती, असा सूर यात असतो. ओळख होत गेली, यासाठी ‘गेट टू नो’ : ‘आय गॉट टू नो हर इन कॉलेज’. सवय होण्याचं ‘गेट यूज्ड टू’ याच्यासारखं दिसतं, पण त्यात पुढे वस्तू किंवा ‘इंग’वालं रूप येतं. मुंबईच्या गर्दीची सवय होईल : ‘यू विल गेट यूज्ड टू द क्राउड्स इन मुंबई’. पहाटे उठायची सवय झाली : ‘आय गॉट यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’.

पायरी ७ : पोहोचणे, चढणे, उतरणे

पोहोचण्यासाठी इंग्रजीत तीन क्रियापदं आहेत आणि तिघांचं वागणं वेगळं. ‘रीच’ला मध्ये काही लागत नाही : ‘आय रीच्ड पुणे’. ‘रीच्ड टू पुणे’ ही आपली चूक ‘पुण्याला’मधल्या ‘ला’मुळे होते. ‘अराइव्ह’ला शहरासाठी ‘इन’ आणि स्टेशनसाठी ‘ॲट’ लागतो. ‘गेट’ला ‘टू’ लागतो : ‘आय गॉट टू पुणे ॲट नाइन’. घर, इथे आणि तिथे यांच्याआधी मात्र ‘टू’ गळतो : ‘आय गॉट होम’, ‘व्हेन डिड यू गेट हिअर?’. परक्या गावात एकच इंग्रजी वाक्य बरोबर न्यायचं असेल तर हे न्या : ‘हाउ डू आय गेट टू द स्टेशन?’

वाहनांचा नियम असा. ज्यात उभं राहून चालता येतं किंवा ज्यावर मांडी टाकून बसतात, त्याला ‘ऑन’ आणि ‘ऑफ’. बस, लोकल, विमान, बोट, सायकल, मोटरसायकल, घोडा. ज्यात वाकून शिरावं लागतं, त्याला ‘इन’ आणि ‘आउट ऑफ’. कार, टॅक्सी, रिक्षा. म्हणून ‘वी गॉट ऑफ द बस अँड गॉट इन अ रिक्षा’.

‘आय गॉट डाउन ॲट दादर’ हे आपल्याकडे इतकं रुजलंय की त्याला चूक म्हणणं मला स्वतःला पटत नाही. भारतात ते सर्रास चालतं आणि चालावं. परदेशात किंवा तिकडच्या परीक्षेला बसताना ‘गॉट ऑफ’ वापरा. कारण तिकडे ‘गेट डाउन’ म्हणजे झाडावरून, शिडीवरून, भिंतीवरून खाली येणं, आणि ट्रेनच्या बाबतीत ऐकणारा क्षणभर तुम्हाला टपावर बसवतो.

पायरी ८ : लहान शब्दांच्या जोड्या

इथे खरोखर पाठांतर आहे. पण एका दमात पन्नास जोड्या घोकू नका. ज्यांना मराठीत नेमका जोडीदार आहे त्यांच्यापासून सुरुवात करा.

‘वेक अप’ म्हणजे जाग येणं आणि ‘गेट अप’ म्हणजे उठणं. रविवारी या दोहोंत तासाभराचं अंतर असू शकतं. ‘गेट बाय’ म्हणजे भागणं : पगार थोडा आहे पण भागतं, ‘वी गेट बाय’. ‘गेट अवे विथ’ म्हणजे पचणं : लाच खाल्ली आणि पचली, ‘ही गॉट अवे विथ इट’. ‘गेट अलाँग’ म्हणजे पटणं, जुळणं : सासू-सुनेचं पटतं, ‘दे गेट अलाँग वेल’. ब्रिटनमध्ये इथे ‘गेट ऑन’ म्हणतात. ‘गेट डाउन टू वर्क’ म्हणजे कामाला लागणं. ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारातून, दुःखातून किंवा प्रेमभंगातून सावरणं. ‘गेट थ्रू’ म्हणजे परीक्षेतून पार पडणं, फोन लागणं आणि कठीण काळ निभावून नेणं. ‘गेट रिड ऑफ’ म्हणजे एकदाचं काढून टाकणं, मग ते जुनं कपाट असो की चिकट पाहुणा. ‘आय विल गेट बॅक टू यू’ म्हणजे कळवतो. हे मराठी ‘कळवतो’इतकंच बिनभरवशाचं आहे, हेही नवख्याने जाणून असावं. ‘व्हॉट आर यू गेटिंग ॲट?’ म्हणजे तुम्हाला नेमकं सुचवायचंय काय, आणि त्यात थोडी नाराजी असते.

‘हॅव गॉट’ वेगळं ठेवा

‘आय हॅव गॉट टू ब्रदर्स’ यात काही मिळालेलं नाही, नुसतं ‘आहेत’. हे प्रामुख्याने ब्रिटिश बोलण्यातलं ‘हॅव’च आहे. ‘हॅव यू गॉट अ पेन?’ आणि ‘डू यू हॅव अ पेन?’ दोन्हींचा अर्थ एकच. ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला जायलाच हवं. सहाव्या पायरीतलं ‘आय गॉट टू गो’ म्हणजे मला जायला मिळालं. ‘हॅव’ ऐकू आला की नाही यावर सगळं अवलंबून, आणि भराभर बोलताना तो नेमका गिळला जातो. ‘गॉटा गो’ ऐकलंत तर माणूस निघालाय असं समजा. ‘गॉटा’ बोलण्यात ठीक, लिहिण्यात नको.

कुठे ‘गेट’ टाळायचा

नोकरीचा अर्ज, प्रबंध, अहवाल, परदेशी जाण्यासाठी द्यायच्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या लेखी भागातला निबंध, इथे ‘गेट’ ढिला वाटतो. पत्र मिळालं तर ‘रिसीव्ह’, परवानगी मिळवली तर ‘ऑब्टेन’, झालं तर ‘बिकम’, पोहोचलो तर ‘अराइव्ह’, समजलं तर ‘अंडरस्टँड’. त्याच परीक्षेच्या तोंडी भागात मात्र याच्या जोड्या सहज वापरणाऱ्याचं बोलणं नैसर्गिक वाटतं. आपल्याकडे उलटं होतं. मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं बोलतानाही ‘आय ऑब्टेन्ड अ टिकेट’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला पोलिसांचा पंचनामा ऐकतोय असं वाटतं. तिकीट मिळालं तर ‘गॉट’ म्हणा.

सराव

क्रिकेटचं इंग्रजी समालोचन लावा. विकेट पडली की ‘गॉट हिम!’, फलंदाजाने खातं उघडलं की ‘ही गेट्स ऑफ द मार्क’, बाद झाला की ‘ही गॉट आउट’, बॅटची कड लागली की ‘ही गॉट ॲन एज’. षटकामागून षटक ऐकत जा आणि प्रत्येक ‘गेट’ तक्त्यातल्या कुठल्या ओळीत बसतो ते समोर खूण करून लिहा. प्रसंग डोळ्यांसमोर घडत असल्याने अर्थ विचारावा लागत नाही. त्यानंतर आपल्या दिवसाकडे वळा. रात्री झोपण्याआधी ‘मला’ने सुरू होणारी आणि ‘घेतलं’ने संपणारी आजची वाक्यं आठवा, इंग्रजीत मोठ्याने म्हणा. लिहिण्यापेक्षा म्हणणं जास्त उपयोगी, कारण हे क्रियापद मुळात बोलण्याचंच आहे.

आता ही वाक्यं करून बघा आणि मगच खालची उत्तरं वाचा.

१. मला तुमचा मेसेज मिळाला नाही.
२. पोरं कंटाळायला लागलीत.
३. आम्ही पावसात सापडलो.
४. आधार कार्डावरचा पत्ता बदलून घ्यायचाय.
५. बाबांना शेवटी डॉक्टरकडे जायला तयार केलं.
६. यंदा गणपतीला गावी जायला मिळालं नाही.
७. पुढच्या स्टॉपला उतरा.
८. माझी बहीण वकील झाली.

उत्तरं :
१. आय डिडंट गेट युअर मेसेज.
२. द किड्स आर गेटिंग बोअर्ड.
३. वी गॉट कॉट इन द रेन.
४. आय नीड टू गेट द ॲड्रेस ऑन माय आधार कार्ड चेंज्ड.
५. आय फायनली गॉट माय फादर टू गो टू द डॉक्टर.
६. आय डिडंट गेट टू गो होम फॉर गणपती धिस इयर.
७. गेट ऑफ ॲट द नेक्स्ट स्टॉप.
८. माय सिस्टर बिकेम अ लॉयर. इथे ‘गॉट अ लॉयर’ लिहिलं असेल तर तुमच्या बहिणीने वकील केला, आणि ऐकणारा काळजीने विचारेल की भानगड काय झाली. चौथी पायरी पुन्हा वाचा.